तेरीज जुळते, पण नफा चुकतो

प्रश्न : मी बी.कॉम.च्या मुलांना टॅली प्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकवते. वहीत रोजकीर्द (रोजच्या नोंदी) आणि खतावणी (त्या नोंदी खात्यांत नेणे) नीट करणारी हीच मुले संगणकावर बसली की तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) बरोबर येते, नफा मात्र प्रत्येकाचा वेगळा. चूक शोधायची कुठे?
– एक शिक्षिका, सक्करदरा, नागपूर

उत्तर : तेरजेत शोधू नका, तिथे ती सापडणार नाही. वहीत खतावताना रक्कम चुकायची, बाजू चुकायची, म्हणून तेरीज जुळणे ही परीक्षा होती. टॅलीत नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय व्हाउचर (व्यवहाराची नोंद) सेव्हच होत नाही. तेरीज जुळणारच. त्यावर शाबासकी दिली की खरी चूक आत तशीच राहते.

ही चूक बहुतेक वेळा ग्रुपची, म्हणजे खाते कोणत्या गटात टाकले त्याची असते. व्हाउचर भरता भरता ऑल्ट आणि सी दाबून नवे लेजर (खाते) उघडायचे आणि 'अंडर'समोर जे दिसेल त्यावर एंटर मारायचा, ही मुलांची सवय. ४८,००० रुपयांचे रंग मिसळायचे यंत्र 'फिक्स्ड ॲसेट्स'ऐवजी 'पर्चेस अकाउंट्स'मध्ये गेले की नफा तेवढ्याने घटतो, घसाराही (यंत्राच्या झिजेची वजावट) लागत नाही, आणि तेरीज शांतपणे जुळलेली असते. म्हणून की-बोर्डला हात लावण्याआधी कागदावर तीन रकाने भरून घ्या : खाते, ग्रुप, नफ्यावर परिणाम. दर चार व्हाउचरनंतर थांबवा, नफा किती यायला हवा ते तोंडी विचारा आणि मगच नफा-तोटा पत्रक उघडू द्या. वेळ जातो, पण याहून चांगला उपाय नाही.

सरावाचे उदाहरण आपल्याच गावचे घ्या. गांधीबागेतले रंगाचे दुकान, भांडवल २,००,००० रुपये : रोख ५०,०००, बँकेत १,५०,०००. आरंभीच्या शिलका भरताना मुले रोख आणि बँक भरतात, भांडवल विसरतात. मग ताळेबंदात 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' म्हणून २,००,००० दिसतात. ते सस्पेन्स (तात्पुरत्या) खात्यात ढकलून मोकळे होऊ देऊ नका, भांडवलाचे लेजर उघडून शिल्लक भरायला लावा.

आता नागपूरच्याच ठोक व्यापाऱ्याकडून १,००,००० चा रंग उधारीवर घ्या (खरेदीचे व्हाउचर, एफ ९). १८ टक्के जीएसटी म्हणजे सीजीएसटी (केंद्राचा) ९,०००, एसजीएसटी (राज्याचा) ९,०००. मग छिंदवाड्याच्या दुकानदाराला ६०,००० चा माल पाठवा (विक्रीचे व्हाउचर, एफ ८). राज्याबाहेरची विक्री, म्हणून आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा) १०,८००, बिल ७०,८००. या दुकानदाराच्या लेजरात राज्य महाराष्ट्रच राहिले की बिलात ५,४०० आणि ५,४०० असे दोन कर बसतात. बेरीज तरीही ७०,८००, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायची सवय लावा : महाराष्ट्राचा २७, मध्य प्रदेशाचा २३.

महिनाअखेरीस हा आयजीएसटी कसा भागवायचा तेही कागदावर करून घ्या. आयजीएसटीचे क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) हाताशी नाही, म्हणून आधी सीजीएसटीचे ९,००० वापरायचे, ते संपल्यावरच एसजीएसटीचे १,८००. शिल्लक राहतात ७,२००. हा क्रम कायद्याने ठरलेला आहे, उलटा चालत नाही.

आणखी एक. बिनालायसन्सच्या एज्युकेशनल मोडमध्ये सगळ्या तारखा चालत नाहीत. मार्च महिना घेतला तर १, २ आणि ३१ याच. मुले ५ तारीख टाकतात, संगणक घेत नाही, आणि सॉफ्टवेअर बिघडले म्हणून तास वाया जातो. उदाहरण लिहितानाच तारखा तशा ठेवा.

प्रश्न : बँकेचे स्टेटमेंट एक्सेलमध्ये उघडले की काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसतात. महिनावार बेरीजही चुकते.
– एक विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : तुमच्या विंडोजमध्ये तारखेची अमेरिकन पद्धत आहे. ५ एप्रिलची ०५/०४ ही नोंद एक्सेलने ४ मे समजून घेतली. १३/०४ मात्र त्याला कळली नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून डावीकडे राहिली. डावीकडची चूक निदान दिसते, धोका उजवीकडच्या तारखांचा आहे.

उघडलेल्या फायलीत दुरुस्ती करत बसू नका. ती सेव्ह न करता बंद करा. कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा आणि बँकेची मूळ फाइल पुन्हा उघडा. तरीही तारखा मजकूरच राहिल्या, तर रकाना निवडून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, डिलिमिटेड, दोनदा नेक्स्ट, मग डेटमध्ये डीएमवाय आणि फिनिश.

रकमांनाही हाच आजार होतो. आकड्याला 'सीआर' किंवा स्पेस चिकटलेली असली की सम सूत्र ती रक्कम गाळते आणि काही सांगत नाही. त्या रकान्यावर काउंट आणि काउंटए ही दोन्ही सूत्रे लावा, शीर्षकाची ओळ सोडून. दोन्ही उत्तरे वेगळी आली, तर जितका फरक तितक्या रकमा मजकूर आहेत.

प्रश्न : चुकलेले व्हाउचर मुले डिलीट करून नवे टाकतात. चालेल का?
– संगणक वर्गाच्या एक चालक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : नको. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असेच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. खोडायची सवय घेऊन नोकरीला लागलेला मुलगा पहिल्याच ऑडिटमध्ये अडकतो. शिवाय क्रमांक साधे ऑटोमॅटिक ठेवले असतील, तर मधले बिल काढल्यावर पुढची बिले नवे क्रमांक घेऊ शकतात आणि ग्राहकाकडच्या छापील बिलाशी मेळ राहत नाही. बिल रद्दच करायचे असेल, तर ऑल्ट डी नव्हे, ऑल्ट एक्स : रक्कम जाते, क्रमांक राहतो. खर्चाची नोंद चुकीच्या खात्यात गेली असेल, तर एफ ७ ने उलट जर्नल टाकून नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या टिपेत) मूळ व्हाउचरचा क्रमांक आणि कारण लिहायला लावा.