समुद्रभिंतीआधी नाल्याचं तोंड बघा

तुमचा प्रश्न असा की किनाऱ्यावरची लहान शहरं झपाट्याने वाढतायत, समुद्रही चढतोय, तर अशा शहराने आधी समुद्रभिंत बांधावी की आणखी काही करावं?

माझं काम पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं, त्यामुळे उत्तर जरा एकांगी वाटेल. पण माझ्या मते भिंत सगळ्यात शेवटी. आधी शहरातली सखल जमीन भरावापासून वाचवा.

पाणी समोरून लाटेने येतं त्यापेक्षा जास्त वेळा पाठीमागून पावसाने येतं आणि बाहेर पडू न शकल्यामुळे साचतं. सपाट किनारपट्टीवर नाल्याला उतार मिळाला तर 2,000 ला 1, म्हणजे दोन किलोमीटरला जेमतेम एक मीटर. समुद्र 30 सेंटिमीटर चढला की त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. उधाणाच्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी उभं राहून बघा. वाहणारा कचरा आधी थबकतो, मग जागच्या जागी गोल फिरतो आणि थोड्या वेळाने शहराकडे परत निघतो. आभाळात ढगही नसतो, तरी सखल गल्लीतल्या चेंबरमधून खारं पाणी वर येतं. तोंडाला झडप बसवली तर समुद्र आत येत नाही, पण ती मिटलेली असेपर्यंत पाऊसही बाहेर जात नाही. बहुतेक किनाऱ्यांवर साधारण 12 तास 25 मिनिटांनी पुन्हा भरती, म्हणजे हे दार रोज दोनदा काही तास बंद. तेवढ्यात कोसळलेलं पाणी ठेवायचं कुठे?

खाजणात, तळ्यात, पाणथळीत. दहा हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर एक कोटी लिटर पाणी होतं आणि तेवढं मावायला एक हेक्टर जागा मीटरभर खोल लागते. मोठ्या शहरांनी अशा जागा कधीच बुजवल्या; लहान शहराकडे त्या अजून असतात. घोळ असा की सखल जमीनच स्वस्त, म्हणून नवी वसाहत नेमकी तिथेच जाते. नवं जोतं उंच होतं आणि पाणी शेजारच्या जुन्या वस्तीत शिरतं. व्हिएतनाममधल्या क्वी न्योनने हे भोगलंय. हा थान नदीच्या पूरमैदानात, न्योन बिन्ह भागात, भराव टाकून रस्ते आणि वसाहती झाल्या. नोव्हेंबर 2009 मध्ये मिरिने वादळाचा पाऊस आला तेव्हा त्या भरावांनी पाणी अडवून धरलं.

दुसरी गोष्ट बोअरवेलची. 2006 ते 2018 या काळात जगातली समुद्रपातळी वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटरने वाढली. इंडोनेशियातल्या पेकालोंगानच्या काही भागांत जमीनच वर्षाला कित्येक सेंटिमीटर खचते, आणि भूजलाचा बेसुमार उपसा हे त्याचं मोठं कारण. टोकियोने उपशावर बंधनं आणली आणि तिथलं खचणं 1970 च्या दशकात बरंचसं थांबलं. पण नळाला पुरेसं पाणी दिल्याशिवाय बोअर बंद करायला सांगून कोणी ऐकणार नाही, आणि का ऐकावं?

मोझांबिकमधल्या बेइराचं उदाहरण मला आवडतं. शहराच्या मधून जाणारी, भरती-ओहोटीची चिवेवे नदी गाळ-कचऱ्याने तुंबली होती. ती उपसून मोकळी केली, काठाला खारफुटी लावली, बाजूने उद्यान केलं. मार्च 2019 मध्ये इदाई चक्रीवादळाने हे शहर तरीही उद्ध्वस्त केलं. नदी मोकळी केल्याने वारा थांबत नाही, त्यासाठी छपरं नीट बांधून जखडावी लागतात. पण एरवीच्या पावसाचं पाणी शहरात साचणं तर रोखता येतं.

सुरुवात कुठून? विकास आराखड्याचा नकाशा मागवा आणि त्यावर जमिनीच्या उंचीचे आकडे आहेत का बघा. मी पाहिलेल्या बहुतेक नकाशांवर निवासी भागाला पिवळा रंग आहे, रस्त्यांची रुंदी आहे, लेव्हल मात्र कुठेच नाही. त्या मिळाल्या की उधाणाच्या भरतीची रेषा त्यावर स्वतः पेन्सिलीने काढा आणि रेषेच्या खाली पिवळा रंग किती उरतो ते पाहून हरकत नोंदवा.