दागिना घेताना माणिक, नीलम यांसारखे रंगीत खडे नैसर्गिक आहेत की कृत्रिम, हे घरच्या घरी कसे ओळखावे? जुन्या दागिन्यातला खडा नैसर्गिकच असतो ना?

घरच्या घरी ओळखता येत नाही. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर एवढेच आहे. लिहायला बसले ती दुसऱ्या भागामुळे. 'ओळखीच्या सराफाकडे जुनी माणकाची अंगठी आली आहे, जुनी आहे म्हणजे खडा खाणीतलाच असणार', असे आपण लिहिले आहे आणि नेमके हेच वाक्य आमच्या घरातल्या एका न मिटलेल्या वादाचे मूळ आहे.

आधी घरगुती चाचण्यांबद्दल. कृत्रिम माणिक म्हणजे लाल काच नव्हे. खाणीतले माणिक जसे क्रोमियममुळे लाल झालेले कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड असते, तसेच कारखान्यातलेही असते. दोघांचे काठिण्य दहापैकी ९, दोघांची विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेत जडपणा) ४ च्या आसपास, दोघांचा अपवर्तनांक (खडा प्रकाश किती वाकवतो त्याचे माप) १.७६२ ते १.७७० च्या दरम्यान. त्यामुळे काचेवर ओरखडा काढणे, तळहातावर जड लागते का ते पाहणे, फुंकर मारून वाफ किती वेळात उडते ते मोजणे, या सगळ्यांतून फार तर काच बाजूला पडेल. दुधात टाकल्यावर लाल झाक दिसते ही चाचणी तर कोणत्याही पारदर्शक लाल वस्तूला पास करते. अलीकडे अतिनील प्रकाशाची टॉर्च घेऊन 'बघा कसे निखाऱ्यासारखे चमकते' असे दाखवणारे विक्रेते वाढले आहेत. ब्रह्मदेशातले बहुतेक माणिक त्या प्रकाशात चमकते हे खरे आहे, पण कारखान्यातले त्याहूनही जोरात चमकते. उलट थायलंडच्या अस्सल माणकात लोह जास्त असल्यामुळे ते जेमतेम चमकते. म्हणजे ही टॉर्च कृत्रिमाला शाबासकी देते आणि अस्सलावर संशय घेते.

मी मुंबईत रत्नपरीक्षेचे शिक्षण घेतले आणि आता एका सराफी पेढीवर रंगीत खडे निवडण्याचे काम करते. आमच्या सासूबाई गेल्यानंतर दागिन्यांची वाटणी झाली, तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी असा प्रस्ताव मांडला की पाटल्या आणि गोठ त्यांच्याकडे राहावेत आणि सासूबाईंच्या वडिलांनी १९३० च्या दशकात रंगूनहून आणलेली माणकाची अंगठी आमच्याकडे यावी, कारण बर्मी माणिक म्हटल्यावर त्या एका खड्याची किंमत बाकी सगळ्या सोन्याला भारी पडते. खडा दिसायला देखणाच होता: रंग गडद, आत नजरेला काही दोष नाही, आणि आकार करंगळीच्या नखाएवढा. माझ्या धंद्यात एवढा मोठा, एवढा स्वच्छ खडा दिसला की आनंद होण्याआधी शंका येते.

अंगठीचे कोंदण पाठीमागून उघडे होते, म्हणून पाहणे शक्य झाले. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात अंगठी उलटी ठेवली, पेल्याखाली पांढरा पातळ कागद आणि त्याच्याखाली दिवा ठेवला, आणि दहापट भिंगातून खडा वरून न पाहता कडेच्या बाजूने, हळूहळू फिरवत पाहिला. पाण्यामुळे पैलूंची चमक मरते आणि नजर आत शिरते. प्रयोगशाळेत त्यासाठी जास्त अपवर्तनांकाचे द्रव वापरतात, पण पाण्यानेही बरेच काम होते. एका विशिष्ट कोनात खड्याच्या आत अगदी बारीक, एकमेकींना समांतर आणि स्पष्टपणे वक्र अशा रेषा दिसल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. कडेजवळ एकामागोमाग दोन गोल बुडबुडेही होते, पैकी एक किंचित लांबट.

या वक्र रेषा कुठून येतात हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण माझ्या दृष्टीने वाद तिथेच संपतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त वेर्नय यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडू देतात. ती वितळते, खालच्या दांड्यावर तयार होणाऱ्या स्फटिकाच्या घुमटाकार माथ्यावर बसते आणि थरावर थर चढत काही तासांत पेरूएवढाही नसलेला एक गोळा तयार होतो. माथा घुमटाकार म्हणून थर वक्र. जमिनीखाली स्फटिक सपाट पृष्ठांनी वाढतो, त्यामुळे नैसर्गिक माणकात किंवा नीलमात वाढीच्या आणि रंगाच्या रेषा सरळ असतात आणि ठरावीक कोनांत वळतात. कुरुंदात, म्हणजे माणकात किंवा नीलमात, एक जरी वक्र रेषा निःसंशय दिसली, तरी दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. रेषा दिसली नाही म्हणून खडा नैसर्गिक ठरतो असे मात्र नाही.

भाऊजींचे म्हणणे होते, "वहिनी, त्या काळी नकली माणिक होतं तरी कुठे? आणि आजोबा रंगूनहून घेऊन आले, पुण्याहून नाही." त्या काळी होते आणि भरपूर होते. पहिले महायुद्ध सुरू होण्याआधीच वेर्नय पद्धतीचे माणिक मोठ्या प्रमाणावर बाजारात आले होते. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या युरोपीय दागिन्यांत अस्सल हिऱ्यांच्या शेजारी कृत्रिम माणिक आणि नीलम राजरोस बसवलेले आढळतात. घड्याळांच्या यंत्रातले लाल खडेही त्याच घराण्यातले. आजोबांनी अंगठी घेतली तोवर या खड्यांना बाजारात येऊन पाव शतक उलटून गेले होते आणि ते सगळीकडे पोहोचले पण रंगूनला पोहोचले नाहीत, असे मानायला काही आधार नाही. जुन्या नथींमधले बारीक, एकसारखे, एकाच रंगाचे लाल खडे भिंगाखाली पाहिले, तरी हेच चित्र अनेकदा दिसते. दागिना १९०० च्या आधीचा असल्याचा ठोस पुरावा असेल तर गोष्ट थोडी वेगळी; पण तेव्हाही नंतर कुणी खडा बदलला नसेल याची खात्री कोण देणार?

माझा या वाटणीत स्वार्थ होता, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी माझ्या शब्दावर भरवसा ठेवा असे म्हटले नाही. अंगठी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली. पाठवण्यापूर्वी भिंगाखाली दिसणाऱ्या दोन बुडबुड्यांची जागा कागदावर काढून त्यावर भाऊजींची सही घेतली. अहवाल 'कृत्रिम माणिक' असा आला, तेव्हा ते म्हणाले, "लॅबमध्ये खडा बदलला." मी तो कागद आणि भिंग त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी कागद पाहिला, भिंगाला हात लावला नाही. आपणही किमती खडा कुठेही सोपवताना त्याच्या आतल्या खुणा असे रेखाटन करून किंवा छायाचित्र काढून नोंदवून ठेवा. खड्याची ओळख त्याच्या रंगापेक्षा आतल्या दोषांवरून पटते.

आता इतर खड्यांविषयी. नैसर्गिक माणकात रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया तीन दिशांनी एकमेकींना छेदून रेशमासारखे जाळे करतात, ते दिसले तर चांगले लक्षण आहे, पण रंग खुलवण्यासाठी फार तापवलेल्या खड्यात ते विरघळून जाते. गुरूसाठी पुष्कराज म्हणून घेतला जाणारा पिवळा नीलम जास्त फसवतो, कारण त्यातल्या वक्र पट्ट्या सहसा दिसतच नाहीत; निळ्या फिल्टरमधून पाहिल्यावर कधी कधी दिसतात. पाचूचे कृत्रिम प्रकार ज्योतीतून नव्हे तर द्रावणातून संथपणे वाढवतात, त्यांच्या आत नैसर्गिक वाटतील असे धूसर पडदे असतात, आणि तिथे हातातल्या भिंगावर विसंबणारा माणूस हमखास तोंडघशी पडतो. त्यात मी स्वतःलाही धरते. पाचूवर मी भिंगाने निकाल देत नाही. इजिप्तच्या सहलीहून स्वस्तात आणलेले 'अलेक्झांड्राइट' बहुधा व्हॅनेडियम घातलेले कृत्रिम कुरुंद असते: ते राखाडी निळ्यातून जांभळ्यात जाते, तर खरे अलेक्झांड्राइट दिवसा हिरवट आणि पिवळ्या दिव्याखाली लालसर दिसते. स्पिनेल या माणकासारख्या दिसणाऱ्या वेगळ्या रत्नात तेवढी एक सोय आहे. नैसर्गिक स्पिनेलचा अपवर्तनांक १.७१८ च्या आसपास आणि ज्योतीतून केलेल्याचा साधारण १.७२८ असल्यामुळे अपवर्तनांक मोजणारे उपकरण बहुतेक वेळा फरक दाखवते.

काच भरलेल्या माणकाचा मुद्दा खरे तर आधी यायला हवा होता. भेगाळलेल्या, निकृष्ट माणकात शिसेयुक्त काच भरून ते स्वच्छ करण्याचा प्रकार २००४ च्या सुमारास बाजारात आला. विक्रेता त्याला नैसर्गिक म्हणतो आणि शब्दशः ते खोटेही नसते. खडा फिरवताना भेगांच्या जागी निळसर झळक आणि आत चपटे बुडबुडे दिसले तर सावध व्हा. लिंबाच्या रसानेही ही काच खराब होते आणि अंगठी दुरुस्तीला देऊन सोनाराची ज्योत लागली तर खडा बिघडतो. हा खडा कारखान्यातल्या माणकापेक्षा वाईट सौदा आहे असे माझे मत आहे, कारण कारखान्यातले निदान टिकते.

खरेदी करताना सोन्यावरच्या हॉलमार्कला खड्याची हमी समजू नका. तो फक्त धातूच्या शुद्धतेचा शिक्का आहे. पावतीवर 'माणिक' एवढेच न लिहिता 'नैसर्गिक माणिक', त्याचे वजन, आणि तापवण्यापलीकडे कोणतीही प्रक्रिया केलेली नाही हे लिहून मागा, आणि प्रयोगशाळा तुम्ही निवडाल, तिचा निकाल वेगळा आला तर पूर्ण पैसे परत, हीही अट लिहून घ्या. मुंबईत आणि जयपूरला रंगीत खड्यांची तपासणी करणाऱ्या चांगल्या प्रयोगशाळा आहेत. शक्य असेल तर खडा सुटा असतानाच तपासा. जो सराफ एवढे लिहून देत नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी त्याच्याकडून मोठा रंगीत खडा घेऊ नये.

हे सगळे मोठ्या खड्यांना लागू आहे. नथीतल्या मोहरीएवढ्या खड्यांसाठी अहवालाचा खर्च खड्यांपेक्षा जास्त होईल. कृत्रिम खडा आवडला आणि त्याच्या किमतीत मिळाला, तर तो घेण्यात कमीपणाही नाही; सासूबाईंनी ती अंगठी जन्मभर हौसेने वापरली. आणि पाठ बंद असलेल्या, खाली रंगीत वर्ख घातलेल्या कोंदणात खडा कोणता आहे हे मीच काय, प्रयोगशाळाही अनेकदा खात्रीने सांगू शकत नाही. आपल्या सराफाकडची अंगठी तशी असेल आणि ते कोंदण उघडू देत नसतील, तर सोन्याच्या वजनाचे पैसे द्या, खड्याचे देऊ नका. आमच्या वाटणीतही मी याहून वेगळे काही मागितले नव्हते: अंगठी तिच्या सोन्याच्या वजनावर धरा आणि पाटल्या-गोठही त्याच काट्यावर ठेवा. भाऊजींनी अजून ते दागिने काट्यावर आणलेले नाहीत.