मक्यात लष्करी अळी एकाच कोपऱ्यात दिसते, तर फवारणी सगळ्या वावरात करावी का?

लगेच नको; आधी वावर फिरून मोजा, कारण ही अळी सुरुवातीला पुंजक्यांतच असते. मादी पतंग एका जागी 100 ते 200 अंडी घालते, वर करड्या लवेचं आवरण. अळ्या निघाल्या की त्याच झाडाची पानं खरवडतात, पांढरे पारदर्शक चट्टे पडतात. मग रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्यावर शेजारच्या ओळींत जातात. मोठ्या झाल्या की एकमेकींनाच खातात, म्हणून पोंग्यात, म्हणजे झाडाच्या मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, ओल्या भुशासारखी विष्ठा ढीगभर, पण आत अळी बहुतेकदा एकच. आपल्याकडे शिरपूर-चोपड्यात बांधावरून चार झाडं बघून "सगळं गेलं" म्हणायची सवय आहे, ती इथे फसवते. इंग्रजी 'डब्ल्यू'च्या आकारात चाला, 5 ठिकाणी 20-20 झाडांचे पोंगे उघडा. पीक लहान असताना 100 पैकी 5 झाडांनाही अळी लागलेली नसेल, तर अंडीपुंज वेचून चुरडणं पुरतं. मात्र आजूबाजूला वेगवेगळ्या वेळी पेरलेला मका असेल तर पतंग रोज रात्री येत राहतात, पुंजके एकमेकांत मिसळतात. मग नुसता कोपरा सांभाळून भागत नाही.