वाचकांचे प्रश्न : खरा पेस्तो कोणता?

प्रश्न : पास्त्यावर घालायचा पेस्तो म्हणजे बेसिलच्या पानांचा हिरवा सॉस, अशी माझी समजूत होती. अलीकडे मात्र टोमॅटो आणि बदाम घातलेल्या पेस्तोची कृती वाचनात आली, तर बाजारातून आणलेल्या बाटलीवर काजूचा उल्लेख आढळला. मूळ पेस्तो कोठला, आणि यांतला खरा कोणता मानावा? अंगणातल्या तुळशीचा पेस्तो करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मनातला हिरवा पेस्तो हा इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील लिगुरिया प्रांतातला, आणि त्यातही जेनोवा या बंदराचा. लसूण, चीज आणि ताजा पाला एकत्र कुटून तेलात कालवण्याची रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. प्राचीन रोमन लोक याच रीतीने 'मोरेतुम' करीत, आणि लिगुरियात मध्ययुगापासून 'अल्याता' हे लसणीचे दाट कालवण प्रचलित होते.

बेसिलच्या पेस्तोची सर्वांत जुन्या छापील कृतींपैकी एक १८६३ साली जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या 'ला कुचिनिएरा जेनोवेजे' या पाकपुस्तकात आली. ती आज वाचताना नवल वाटते. बेसिल न मिळाल्यास मारजोरम आणि पार्सली घ्यावी, पार्मेझानबरोबर हॉलंडचे चीज किसून घालावे, कुटताना थोडे लोणी टाकावे आणि मग भरपूर तेलात सैल करावे, असे त्यात सांगितले आहे. आज जेनोवातला एखादा काटेकोर आचारी यातल्या निम्म्या गोष्टी मान्य करणार नाही. पण बंदरातल्या स्वयंपाकघराने आलेल्या जहाजांतला माल वापरावा, यात मला काहीच गैर वाटत नाही.

आजच्या जेनोवी पेस्तोत बेसिल, ऑलिव्हचे तेल, पाइनच्या बिया (आपल्या चिलगोजाच्या जातकुळीतल्या), लसूण, जाडे मीठ, पार्मेझान आणि मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो अशा सात वस्तू असतात. पेकोरिनो बहुधा सार्डिनिया बेटावरचे घेतात. बेसिलच्या बाबतीत तिथली माणसे फार चोखंदळ असतात. शहराच्या पश्चिमेकडील प्रा या भागातले बेसिल नावाजलेले आहे, आणि लिगुरियातल्या या बेसिलला २००५ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. रोप अगदी कोवळे असतानाच मुळासकट उपटून त्याच्या जुड्या बांधतात, कारण पाने जून झाली की त्यांना पुदिन्यासारखा उग्र वास येऊ लागतो आणि तो जेनोवात दोष समजला जातो. संगमरवरी खलात आधी लसूण बारीक करतात, मग पाने आणि मीठ घालून लाकडी बत्ता कडेकडेने गोल फिरवीत ती रगडतात. मिक्सरच्या पात्याने पाने तापतात, हवा खातात आणि काळपट पडतात. पेस्तो कधीही शिजवीत नाहीत. पास्ता उकडलेल्या पाण्याच्या चमचाभर धारेने तो सैल करून त्रोफिये किंवा त्रेनेत्ते या पास्त्यावर कालवतात, आणि त्याच भांड्यात बटाटा व फरसबीही उकडून घेतात.

जेनोवाबाहेर पडले की चव झपाट्याने पालटते. जवळच्याच रेक्को गावात आंबूस ताजे चीज घालण्याची पद्धत आहे, तर लिगुरियाच्या पश्चिम भागात वालाच्या कुळातल्या बाकल्याच्या कोवळ्या दाण्यांचा 'मारो' करतात. सीमेपलीकडे फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये 'पिस्तू' होते. त्यात पाइनच्या बिया नसतात आणि ते भाज्यांच्या सूपमध्ये घालतात. आपण वाचलेली टोमॅटो-बदामाची कृती सिसिली बेटावरच्या त्रापानी बंदराची असावी. पूर्वेकडून परतणारी जेनोवाची जहाजे तिथे थांबत, त्या खलाशांकडून ही रीत त्रापानीने घेतली आणि स्थानिक बदाम व टोमॅटो तीत घातले, असे तिथे सांगतात. ते कालवण पिळदार बुझियाते पास्त्याबरोबर खातात. त्याच बेटावरील ब्रोंते गावात पिस्त्याचा, तर इटलीच्या दक्षिण टोकाकडील कालाब्रिया प्रांतात लाल सिमला मिरची आणि रिकोत्ता या मऊ ताज्या चीजचा पेस्तो होतो. उत्तर इटलीतल्या मोदेना शहरात तर त्याच नावाने डुकराची चरबी, लसूण आणि रोझमेरी कुटून छोट्या पोळ्यांत भरतात.

तेव्हा त्रापानीचा पेस्तो तितकाच खरा आहे. बाटलीतला काजू मात्र पाइनच्या महागड्या बियांऐवजी खर्च वाचवण्यासाठी येतो. तो सॉस खुशाल खावा, पण त्याला जेनोवाचा म्हणणे योग्य नाही.

अंगणातली पूजेची तुळस यासाठी घेऊ नये, कारण तिची चव लवंगेसारखी तिखट असते आणि चीजशी जुळत नाही. त्याऐवजी सब्जा लावावा. फालुद्यात ज्याचे बी घालतो तो सब्जा आणि इटलीतले बेसिल एकाच जातीची रोपे आहेत. आपल्याकडच्या वाणाचा वास थोडा अधिक उग्र, बडीशेपेकडे झुकणारा असतो इतकेच. म्हणून मंजिऱ्या धरण्याआधीची शेंड्याची पाने खुडावीत, लसूण एका लहान पाकळीपेक्षा जास्त घालू नये आणि कुटण्यापूर्वी पाने पूर्ण कोरडी करावीत.