इंदूरच्या जुन्या, घराण्यात चालत आलेल्या लॉ फर्ममध्ये वकिलीची सुरुवात करावी का? तिथे नेमकं काम काय असतं?

तुम्ही एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात, घरात कोणी वकील नाही, आणि आजोबा-वडील-नातू अशी चालत आलेली इथली एक फर्म ज्युनिअर म्हणून घ्यायला तयार आहे. तिथे जावं, की हायकोर्टातल्या एखाद्या सीनिअरकडे बसावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: फर्ममध्ये जा. पण पाटीवरचं नाव बघून नाही, तिथल्या जमिनीच्या फायली आणि तारखांची डायरी बघून.

आधी 'फर्म' या शब्दाबद्दल. कोर्टापुढे फर्म उभी राहत नाही, वकील उभा राहतो. वकालतनामा (वकीलपत्र) माणसांच्या नावाने भरला जातो. मागे 1932 च्या कायद्याखालची भागीदारी असते, आणि बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकील नसलेल्याला फीमध्ये वाटा देता येत नाही. म्हणून 'लीगल अँड टॅक्स' अशी पाटी असली तरी सीए कागदोपत्री वेगळा असतो. जाहिरातीलाही बंदी आहे. वेबसाइटवर नाव, पत्ता, पात्रता, कामाचं क्षेत्र एवढंच चालतं. 'शहरातली नंबर एक' असं लिहिणाऱ्या ठिकाणी जाताना दोनदा विचार करा.

इथल्या वकिलीला इतिहासाने दिलेला आकार नकाशावर दिसतो. 28 मे 1948 ला होळकर, शिंदे आणि आसपासची संस्थानं मिळून मध्यभारत झाला. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्यप्रदेश आला, हायकोर्टाचं मुख्य ठाणं जबलपूरला गेलं, आणि इंदूर-ग्वाल्हेरला आधी तात्पुरती, मग नोव्हेंबर 1968 पासून कायमची खंडपीठं मिळाली. खंडपीठांच्या हद्दी मात्र बहुतांशी जुन्या मध्यभारताच्याच राहिल्या. त्यामुळे रतलाम, मंदसौर, नीमच, झाबुआ, खरगोन, अगदी राजगढसुद्धा इंदूरला येतं. पण खंडवा-बुऱ्हाणपूर जबलपूरला जातं, कारण तो भाग पूर्वी ब्रिटिश मध्यप्रांतात होता. खंडव्याचा पक्षकार इंदूरचा वकील करतो आणि ज्युनिअर सवयीने अर्जावर इंदूर खंडपीठाचं शीर्षक टाइप करतो, ही चूक अजून होते. आयकर अपिलाचं न्यायाधिकरण आणि कंपन्यांच्या वादांचं एनसीएलटी इंदूरला आहे, पण बँकवसुलीचं डीआरटी जबलपूरला. बँकेने घराचा ताबा घेतला तर 45 दिवसांत अर्ज तिकडे लावायचा असतो, आणि त्यातला बराच वेळ इथे कलेक्टर कचेरीत फेऱ्या मारण्यात जातो.

आता खरं काम. इंदूरच्या जुन्या फर्मचं घर टायटल सर्चवर चालतं, म्हणजे जमीन किंवा घर कोणाचं, कधीपासून, आणि त्यावर बोजा काय. बँक कर्ज देण्याआधी हा अहवाल मागते, आणि बऱ्याचदा 30 वर्षांचा मागते. 30 का, हे ज्युनिअरला सांगता आलं पाहिजे: गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदत 30 वर्षं, सरकारच्या दाव्याचीही 30, आणि 30 वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर सही खरी असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं.

सुरुवात उपनिबंधकाच्या कचेरीतून. तिथे स्थावराच्या दस्तांचे दोन इंडेक्स असतात, पहिला माणसांच्या नावाने, दुसरा मालमत्तेच्या वर्णनाने. नवखा माणूस फक्त दुसरा पाहतो आणि फसतो, कारण जुन्या दस्तांत घर नंबर बदललेले असतात, गल्लीचं नावही बदललेलं असतं. दोन्ही पाहायचे. पुस्तक क्रमांक 1 मध्ये स्थावराचे दस्त, 3 मध्ये मृत्युपत्रं, 4 मध्ये किरकोळ दस्त. मुखत्यारपत्र बऱ्याचदा 4 मध्ये सापडतं. विक्री मुखत्याराने केली असेल तर ते पाहिल्याशिवाय अहवालावर सही करू नये. 'संपदा' ही ऑनलाइन नोंदणी 2015 पासूनची. त्याआधीच्या काळासाठी बांधीव रजिस्टरंच चाळावी लागतात.

मग तहसील: खसरा (जमिनीच्या क्रमांकाप्रमाणे नोंद), बी-1 (खातेदाराप्रमाणे नोंद), नामांतरणाचे हुकूम. इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा. नामांतरण म्हणजे मालकी नव्हे, ती महसुली नोंद आहे. आणि खसऱ्याच्या मालकाच्या रकान्यापेक्षा शेरा-रकाना जास्त बोलतो. सरकारी पट्ट्याची जमीन असेल तर भूराजस्व संहिता 1959 च्या कलम 165(7-ख) खाली कलेक्टरची परवानगी लागते, आणि ती नसताना झालेली विक्री पुढच्या पाच खरेदीदारांना घेऊन बुडते. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडे आदिवासी खातेदाराच्या जमिनीला कलम 165(6) आडवं येतं. मूळ खातेदाराची जात न तपासता फक्त शेवटच्या विक्रेत्याचं नाव पाहून दिलेला अहवाल हा या धंद्यातला सगळ्यात महागडा आळस आहे.

आपल्या मराठी लोकांशी जास्त संबंध येतो तो देवळाच्या जमिनीचा. पिढ्यान् पिढ्या पूजा करणारं मराठी कुटुंब जमीन 'आमची' समजतं, आणि खसऱ्यात नाव देवाचं, व्यवस्थापक म्हणून कलेक्टर. सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2021 च्या निकालात स्पष्ट केलं की भूमिस्वामी, म्हणजे जमिनीची मालक, देवता आहे, पुजारी नाही. सार्वजनिक न्यास असेल तर 1951 च्या कायद्याप्रमाणे रजिस्ट्रारच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर विकता येत नाही. अहिल्याबाईंच्या देवस्थानांची मालमत्ता सांभाळणाऱ्या 'खासगी ट्रस्ट'बद्दलचा ('खासगी' हे ट्रस्टचं नाव आहे) सुप्रीम कोर्टाचा जुलै 2022 चा निकाल जरूर वाचा. संस्थान विलीन होताना काय ठरलं, ट्रस्टचा दस्त काय म्हणतो आणि न्यास कायदा कुठे लागू होतो, हे सगळं एका निकालात आहे.

मराठी येत असण्याचा खरा फायदा इथेच आहे. जिल्हा कोर्ट हिंदीत चालतं, हायकोर्ट इंग्रजीत, पण होळकरी सनदा आणि जुने वाटणीपत्र मोडीत असतात. मोडी वाचता येणारा ज्युनिअर दुर्मीळ आहे, आणि नेटाने बसलं तर काही महिन्यांत छापाइतकी नाही तरी कामापुरती येते. अक्षरांपेक्षा तारखा जास्त फसवतात. 'इसन्ने अशर मयातैन व अलफ' म्हणजे दोन, दहा, दोनशे, हजार: सुहूर सन (मराठी दप्तरांतली अरबी आकड्यांची कालगणना) 1212. त्यात 599 किंवा 600 मिळवा, 1811-12 येतं. फसलीत (महसुली सालात) 590-91 मिळवायचे, शकात 78, आणि संवतातून 57 किंवा 56 वजा करायचे. मध्यभारताच्या कायद्यांवर संवत असतो. जमीन महसुलाचा 'संवत 2007' चा कायदा म्हणजे 1950 चा. तो इसवी 2007 समजून टाइप केलेली प्रतिज्ञापत्रं सापडतात, आणि समोरच्या वकिलाचा दिवस आनंदात जातो.

कज्ज्यांच्या बाजूला फर्मचा जीव मुदतीच्या रजिस्टरात असतो, आणि ते रजिस्टर बहुधा मुन्शीजींच्या, म्हणजे वकिलाच्या कारकुनाच्या, हातात. चेक परत आल्याचं उदाहरण घ्या. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून 15 दिवस पैसे द्यायला, आणि ते उलटल्यावर एक महिन्यात तक्रार. गफलती दोन होतात. पोस्टाचा ट्रॅक रिपोर्ट वेळेत काढून ठेवत नाहीत, मग नोटीस कधी पोचली हेच सिद्ध होत नाही. आणि उतावळेपणाने 15 दिवस पुरे व्हायच्या आत तक्रार लावतात. ती टिकत नाही. साध्या दाव्यात प्रतिवादीचा लेखी जबाब 30 दिवसांत, कोर्टाने वाढवून दिला तर 90 पर्यंत. पण 3 लाख आणि त्यावरच्या व्यापारी वादात 120 व्या दिवशी दार बंद, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. हायकोर्टात पहिलं अपील 90 दिवसांत. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. अर्ज उशिरा टाकला तर मधले दिवस तुमचेच गेले.

हायकोर्टात फाइल लावली की रजिस्ट्री 'डिफॉल्ट' काढते: पान क्रमांक चुकला, अस्पष्ट प्रतीची टाइप केलेली नक्कल नाही, शपथपत्रात परिच्छेद जुळत नाहीत. हे किरकोळ वाटतं, पण डिफॉल्ट दुरुस्त न केल्याने जामिनाचा अर्ज (एमसीआरसी) यादीवरच येत नाही, आणि पक्षकार आत बसलेला असतो.

सीनिअरकडे बसलात तर युक्तिवाद ऐकायला मिळतो, पण फाइल जन्मताना दिसत नाही. ती तिथे तयार होऊन येते. दोन-तीन वर्षं फर्म आणि मग सीनिअर, हा क्रम मला उलट क्रमापेक्षा बरा वाटतो.

पैशाचं थोडक्यात. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात किमान 20,000 द्यावेत अशी शिफारस केली; शिफारसच आहे, म्हणून आकडा आधीच विचारून घ्या. पूर्णवेळ पगारी नोकर राहून वकिली करता येत नाही, त्यामुळे रक्कम व्यावसायिक फी म्हणून आणि तसाच टीडीएस कापून मिळायला हवी. सनदेसाठी (वकिलीच्या परवान्यासाठी) राज्य बार कौन्सिल, जबलपूर. जुलै 2024 च्या निकालानंतर खुल्या वर्गाला नोंदणी फी 750 हून जास्त मागता येत नाही. सनद आधी तात्पुरती मिळते, आणि दोन वर्षांत बारची परीक्षा पास व्हावी लागते. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मे 2025 च्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून तुमचं नाव असलेल्या ऑर्डरशीटची (कोर्टाच्या तारखेच्या हुकुमाची) प्रत वेगळ्या फायलीत लावा. फर्म तुम्हाला वर्षभर फक्त सर्चवर बसवणार असेल आणि वकालतनाम्यावर नाव टाकणार नसेल, तर तिथे या तीन वर्षांचा पुरावा जमणार नाही.

भेटायला सकाळी जाऊ नका, साडेदहाला कोणालाच बोलायला वेळ नसतो. कोर्ट उठल्यावर, साडेपाच-सहाला जा. तीन गोष्टी विचारा: वकालतनाम्यावर नाव कधीपासून, मुदतीचं रजिस्टर कोण लिहितं आणि दुसरं कोण तपासतं, आणि ज्युनिअरने केलेला सर्च सहीआधी कोण वाचतं. आधीचे ज्युनिअर आता कुठे आहेत हे मात्र भागीदारांना नको, मुन्शीजींना विचारा.