बाळंतपणात खांदा अडकला, आता बाळ एक हात हलवत नाही. हात बरा होईल का?

बहुतेक बाळांचा होतो. डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला की मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. मग हात अंगालगत लुळा पडतो, आत वळलेला, तळवा मागे. बोटं हलत असतील, मूठ आवळत असेल तर ते चांगलं लक्षण. म्हणजे खालच्या नसा शाबूत आहेत.

आधी गळपट्टीचं हाड मोडलेलं नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. मोडलं असलं तरी ते काही आठवड्यांत जुळतं.

नस नुसती ताणलेली असेल तर काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारते. फिजिओथेरपिस्टकडून हलके व्यायाम शिकून घ्या, घरच्या घरी जोरात मालिश नको. झबलं घालताना आधी तोच हात बाहीत घाला, काढताना शेवटी काढा. काखेत धरून उचलू नका.

३ महिन्यांपर्यंत कोपर स्वतःहून वाकत नसेल तर नसांच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांना दाखवाच. 'वाट बघू' म्हणत वर्ष घालवू नका, या शस्त्रक्रियेला वेळेचं बंधन असतं.

आणि हो, पुढच्या गरोदरपणात हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. खांदा पुन्हा अडकण्याची शक्यता जास्त असते, विशेषतः आईला मधुमेह असेल तर.