कुकीज नंतर, आधी चूल बघ

अगं पोरी,

तुझ्या धंद्याच्या प्लॅनची वीस स्लाइडची फाइल काल रात्री दोनदा बघितली, चहा गार होऊन गेला. कोदऱ्याच्या (त्या भरड धान्याच्या) कुकीज, मस्त डबा, ऑनलाइन ऑर्डर, सगळं छान आहे, पण शेवटच्या स्लाइडवर लिहिलंयस ना की यातून झाबुआ जिल्ह्याचं कुपोषण हटेल, ती स्लाइड आधी काढून टाक. कुकीज विक की, धंद्यात काही पाप नाही. फक्त इंदूरच्या विजयनगरात अडीचशेचा डबा घेणारीच्या पोराला कोदऱ्याची तेवढी गरज नसते, आणि ज्या पोराला आहे त्याच्याच घरचा कोदरा तू उचलून आणणार.

रागावू नकोस. ही चूक मी स्वतः केलीय, अंड्यांची.

2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला, त्या काळ्या कोंबडीला, जीआय (त्या भागाचा खास माल म्हणून सरकारी शिक्का) मिळाला आणि इंदूरमध्ये एकदम क्रेझ आली. मी तेव्हा एका संस्थेत होते, आम्ही तिकडच्या एका गावात बचत गटाच्या बायकांना कडकनाथच्या कोंबड्या दिल्या आणि दर आठवड्याला अंडी मी भुशाच्या खोक्यात घालून बसनं आणायची. (अंडं काळं नसतं हां, फिकट बदामी असतं, गिऱ्हाइकं भांडायची माझ्याशी की हे नकली आहे.) एका अंड्याला तीस रुपये सुटायचे. वर्षभरात बायकांच्या हातात पैसा आला, दोघींनी छपरावर पत्रे घातले, आमच्या रिपोर्टात फोटो छापून आले, मी पण खूश. मग एक दिवस अंगणवाडीच्या दीदीनं मला वजनाचं रजिस्टर दाखवलं, गटातल्याच घरांची पोरं, आणि वजनाची रेघ आडवीच्या आडवी. दोन पोरांची तर खाली आलेली. मी एकीला विचारलं, अंडी देता ना पोरांना? ती हसली, म्हणाली, "दीदी, तीस रुपये कोण खाईल?"

बघ, आधी ते अंडं कोणी विकत घेत नव्हतं म्हणून पोराच्या पोटात जायचं. मी त्याला बाजार मिळवून दिला आणि ते ताटातून गेलं. पैसा आला तो पत्र्यात गेला, मोबाइलमध्ये गेला, आणि हाटातल्या पाच-पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांत गेला. त्या बायकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, गळकं छप्पर असतं तर मी पण पत्रेच घेतले असते. चुकलं ते माझं, मी धरूनच चालले होते की कमाई वाढली की जेवण आपोआप सुधारतं.

आम्ही मग नियम केला की आठवड्यातली तीन अंडी घरात ठेवायची. कोणी पाळला नाही. शेवटी उपाय निघाला तो कोंबडीच्या खोडीतूनच, कडकनाथ मादी अंड्यांवर धड बसत नाही, पिल्लं काढायला साधी देशी कोंबडी लागतेच, मग प्रत्येक घरी दोन-दोन देशी कोंबड्या जास्तीच्या दिल्या आणि त्यांच्या अंड्याला शहरात भाव नसल्यामुळे ती घरातच राहिली. एवढंच. कुठल्याच स्लाइडवर नव्हतं हे.

आता तू विचारशील की मग आकडे काय सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची 35.7 टक्के मुलं वयाच्या मानानं ठेंगणी निघाली, आणि सहा महिने ते पाच वर्षांमधल्या 72.7 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. हे कुठे, तर ज्या राज्यातून ट्रकच्या ट्रक गहू आणि सोयाबीन बाहेर जातं तिथे. धान्य कमी नाही गं आपल्याकडे.

सोयाबीनचंच घे. पूर्वी माळव्यात खरिपात बरीच काळी जमीन पडीक ठेवायचे, पावसाचं पाणी मुरवून रब्बीत त्यावर गहू-हरभरा. सत्तरच्या दशकात सोयाबीन आलं आणि त्या मोकळ्या जमिनीवर पसरलं, मग हळूहळू ज्वारी पण खाल्ली त्यानं. पैसा आला हे नाकारायचं कारण नाही, ट्रॅक्टर आले, पोरं इंदूरला शिकायला आली, 1987 मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र पण इथेच झालं. पण सुमारे 40 टक्के प्रोटीनचा दाणा पिकवणाऱ्या घरात तो कोणी खात नाही! तेल निघतं, डीओसी म्हणजे तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात नाहीतर परदेशी, आणि शेतकऱ्याच्या ताटात रोटी आणि लसणाची चटणी. वास येतो, पोट बिघडतं म्हणतात, ते पण खोटं नाही, कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो प्रोटीन पचू देत नाही. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवून, वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो दळलं की कळत पण नाही, मी घरी तसंच करते. तुला मशीनच घ्यायची असेल ना तर हे ज्या गावच्या चक्कीवर होईल ते बघ, ओव्हन नंतर घे.

आणि एकाच पिकावर सगळं टाकलं की काय होतं ते 2019 च्या सप्टेंबरात बघितलंय आपण, मंदसौर-नीमचकडे पाऊस थांबेचना, शेंगांतच दाण्याला कोंब फुटले. ज्याच्या शेतात मधल्या ओळींत तूर होती, बांधावर सुरजना होता (पुण्याचे लोक शेवगा म्हणतात), दारात बकरी होती, तो पण रडला, पण त्याचं सगळं गेलं नाही. तुमच्या कॉलेजात रेझिलियन्स रेझिलियन्स करतात, फटका बसला तरी तगून राहणं, ते हेच.

भावाचं तर विचारूच नकोस. 2022 मध्ये लसूण मंडीत न्यायचं भाडं सुटत नव्हतं, लोकांनी फेकला, आणि पुढच्याच वर्षाच्या शेवटी तोच लसूण सब्जीवाला मोजून पाकळ्या दिल्यासारखा देत होता. म्हणून माल थांबवून धरता येतो का हे तुझ्या प्लॅनमध्ये हवंच, आणि नुसतं कोल्ड स्टोरेज लिहून भागत नाही. बटाटाच बघ, भाजीचा 2 ते 4 डिग्रीला टिकतो पण त्या गारव्यात त्याच्यात साखर होते, तळला की चिप्स काळपट, म्हणून चिप्सचा 10-12 डिग्रीला ठेवतात. एकाच खोलीत दोन्ही कोंबले की एकाचं वाटोळं. 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत इंदूर जिल्ह्याचं उत्पादन म्हणून बटाटाच ठरला, तिच्यात 35 टक्के सबसिडी होती, जास्तीत जास्त 10 लाख. सबसिडी बघून धंदा ठरवू नकोस एवढंच सांगते.

आणि एक, माती. आपल्या इंदूरच्या कृषी कॉलेजच्या आवारात 1924 पासून अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं कंपोस्टवर काम केलं, बरोबर यशवंत वाड होते, दोघांच्या नावानं 1931 मध्ये पुस्तक निघालं, जगभर त्याला इंदूर पद्धत म्हणतात. इथल्या रामबागेतल्या किती पोरांना माहितीय? आपण आपले पोहे-जलेबीवरच खूश. काडीकचरा, शेण, थोडी माती-राख, ओल आणि वेळेवर पलटी, खर्च नाही पण अंगमेहनत आहे, म्हणूनच लोक टाळतात, हे पण प्लॅनमध्ये धर.

बाकी पैसा, ब्रँडिंग वगैरे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात मी पडत नाही. फक्त ज्यांच्याकडून कोदरा घेणार त्या दहा घरांत आधी जा आणि काल रात्री काय शिजलं ते विचार, आज नाही, काल, कारण पाहुणा आला की डाळ होतेच. घरात किती ठेवता, किती विकता, दिवाळीनंतर गुजरातला मजुरीला गेलात की म्हातारी आणि पोरं काय खातात, हे लिहून आण. मग तुझ्या डब्याची किंमत ठरवू.

शनिवारी सकाळी साडेसहाला गंगवाल बस स्टँडवर ये, मी तिकडे चाललेच आहे. लॅपटॉप नको, वही आण. अंगणवाडीच्या दीदीला आधी भेटू, दुपारी ती घरोघरी फिरायला निघते मग सापडत नाही.

तुझी
मावशी